धाकट्याची दाढी करू नये

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पोटातली गाठ पसरली आहे. डॉक्टरांनी महिना सांगितला. कोर्टाची तारीख दीड महिन्यावर आहे.

१. राहते घर धाकट्या मुलाचे. तो एकेचाळीस वर्षांचा, समज चार वर्षांची. त्याचा व घराचा सांभाळ माझ्या भाचीने करावा. पालकत्वासाठी तिने अर्ज केला आहे. वकील म्हणतात, "काका, घर लिहून देता येतं, माणूस नाही. पालक कोर्टच नेमणार." तरीही लिहितो. दुसरे काय करू?

२. थोरल्याला काही नाही. "त्याला कुठेतरी टाका आणि सुटा," असे तो आई गेली त्याच दिवशी बोलला. पालक नेमला गेला नाही तर तो घर नावावर करून घ्यायचा कागद घेऊन येणार, हे मी ओळखून आहे. धाकट्याला सही मीच शिकवली. कागद पुढे केला की तो सही करतो आणि टाळ्या वाजवतो.

३. दाभण, दोरा, दाबयंत्र विकावे. धाकटा खळ बोटाने चाटतो, म्हणून किडीसाठी घालतात ते विषारी मोरचूद मी खळीत घालणे कधीच सोडले. माझ्या पुस्तकांना कसर लागते ती त्यामुळे. ज्यांची पुस्तके मी बांधतो त्या ग्रंथपालांनी मला चारचौघांत लबाड म्हटले, ते मी गिळले. आता त्यांना खरे काय ते कळवावे.

४. पालकत्वाचा माझा स्वतःचा अर्ज माझ्याच मूर्खपणाने फेटाळला गेला. कोर्टात पोराचे हसे होऊ नये म्हणून मी त्याची गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, आठ दिवस नाव, वय, पत्ता घोकून घेतला. न्यायाधीशांनी नेमके तेच विचारले. त्याने घडाघडा सांगितले. "हे तर व्यवस्थित आहेत. पालक कशाला हवा?" खोटे कशाला लिहू, त्या क्षणी माझी छाती फुगली. बाहेर जिन्यात आलो तेव्हा कळले, अर्ज गेला.

५. भाचीस: या वेळी त्याची दाढी करू नकोस. काही शिकवू नकोस. कोणी हसले तर हसू दे. माझी शपथ आहे.

६. न्यायाधीश महाराजांस हात जोडून विनंती: त्याला पत्ता विचारू नका. भूक लागली की काय करतोस, एवढेच विचारा. तो "बाबा" अशी हाक मारेल. मग काही न बोलता जरा थांबा. मी येईपर्यंत तो हाक मारत राहील.

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
शेजारचे छापखानेवाले (सही)
कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

मृत्युपत्र करणार: धाकट्याचे वडील (सही)
ठिकाण: राहते घर, बांधणीचे टेबल
तारीख: १४ मार्च