कुणी एक मेंढपाळ

पलूस,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. नाना यांस,
मंगलचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. बागेची छाटणी उरकली, तुमच्या नातीची, अंकिताची परीक्षा संपली. आईचा गुडघा आता दुखत नाही. फोनवर तुम्ही ‘बरं आहे’च्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र.

दिवाळी अंक पोस्टाने मिळाला. सोबत चिठ्ठी नाही, नुसता तुमच्या कथेच्या पानाचा कोपरा दुमडलेला. सत्तरीत पहिली कथा छापून येते, आणि आमच्या नानांना ते सांगायलाही लाज वाटते!

मी ती आईला वाचून दाखवली. तुमची वनखात्यातली रेंजरची पहिली नेमणूक, ढगळ खाकी, साहेबाच्या जीपमागे धावणं; आई निवडायची मेथी तशीच ठेवून ऐकत होती. मग ते वाक्य आलं : ‘नव्या लागवडीत कुणी एक मेंढपाळ शिरला होता. मी त्याची मेंढरं कोंडवाड्यात घातली.’

“कुणी एक?” आई ताडकन उठली. “माझ्या आबाला नाव न्हवतं व्हय? सासऱ्याचीच मेंढरं कोंडली, आन् वर कुणी एक!”

नाना, मला हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही स्वतः धनगराचं पोर, नोकरीतला पहिला गुन्हा नोंदवलात तो सासऱ्यावर!

“पुढं वाच,” आई म्हणाली. पुढे साहेबांची शाबासकी होती आणि कथा संपली होती.

“एवढंच? खरी गोष्ट तर लिवलीच न्हाई!”

मग तिनेच सांगितली. मेंढरं सुटल्यावर ती बोचकं घेऊन आबांच्या कळपाबरोबर निघून गेली होती म्हणे. तुम्ही सायकल मारत तळावर आलात. आबांनी सरळ तुमच्या हातात कातर दिली. लोकर कातरणीचा दिवस होता.

“खाकी कापडं घालून दुपारभर मेंढरं कातरली त्यांनी. लय दिसांनी कातर धरलेली. एक मेंढरू आर्धं कातरलं आन् सुटून पळालं. समदा तळ हसला. मीबी हसले. मग काय, हसल्यावर कुठं रुसता येतंय? आले त्यांच्या मागनं.”

हे सांगताना ती अशी लाजली, की अंकिताने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

वाचक म्हणून माझी तक्रार एवढीच : कथेतलं सगळ्यात सुंदर पान तुम्ही लिहिलंच नाहीत.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. उन्हाळ्यात तिने शेळीसाठी दारातल्या कडुलिंबाची फांदी तोडली, आणि तुम्ही आख्ख्या गल्लीसमोर तिला ‘ही वृक्षतोड आहे’ म्हणून सुनावलंत. तुम्हाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, नाना. ती आरोपी नाही, बायको आहे. चार दिवस राहते म्हणून आली, त्याला सहा महिने झाले. मी तिला जा म्हणाले नाही. तिच्या हाताची भाकरी मिळते, रात्री केसांना तेल लावते. लेकीला आणखी काय हवं?

पण कथा ऐकल्यापासून ती तुमच्याबद्दलच बोलते. काल विचारलं, “आई, वडूजला घरी सोडू का?”

“मी का जाऊ? तवा आले हुते की न्यायला. आता वाट ठावं न्हाई व्हय त्यास्नी?”

म्हणजे माफी मागायची गरज नाही, नाना. नुसतं यायचं आहे.

तुम्हाला न विचारता मी तिला सांगून टाकलंय की नाना येत्या रविवारी येतायत. “येऊ देत, मला काय त्याचं,” असं म्हणाली खरी. पण आज सकाळी उठून तिने हिरवं लुगडं धुऊन वाळत घातलंय.

मला खोटं पाडू नका.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी एक,
तुमची मंगल