पाळण्यातला भोपळा

दोरी ओढतो आहे, पाळणा हलतो आहे, कडी करकरते आहे, आणि पाळण्यात भोपळा आहे. बाळ नाही. अक्षर हललेलं दिसलं तर कारण हे, की दोरी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली आहे. थांबता येत नाही. कडीचा आवाज बंद झाला की आपल्या भगिनी, आमच्या सौ. नंदाबाई, चुलीपासून उठून बाहेर येतील, आणि त्यांनी पाळण्यात बघितलं तर माझ्या नातीचं, राखीचं, या घरातून जाणं पक्कं होईल. म्हणून पायाने भोपळा झोपवतो आहे आणि हाताने आपल्याला पत्र लिहितो आहे.

श्रीयुत नेमसिंगभाऊ यांस हरिसिंगचा रामराम आणि जय सेवालाल. (हे सर्वांत वर यायला हवं होतं. घाईत राहिलं.) वहिनींना नमस्कार. आपली प्रकृती ठणठणीत असेलच. तिच्याविषयी शेवटी एक विनंती आहे. इकडे सर्व ठीक. कापसाचा शेवटचा वेचा झाला, तूर घरात आली, माझे गुडघे होते तसे आहेत. सून उज्ज्वला आणि बाळ खुशाल. बाळ हसतं, लाथा मारतं, आणि त्याचा बाप लखन याच्यासारखंच, जो शेवटी बोलेल त्याच्याकडे बघून मान डोलावतं. फोन का केला नाही असं आपल्याला वाटेल. एक फोन लखन शेतात नेतो आणि दुसरा आपल्या भगिनींच्या कमरेला असतो. त्यांच्याविषयीच लिहायचं असल्याने त्यांच्याकडे तो मागणं बरं दिसत नाही. तांड्यावरचा बबलू उद्या रंग खेळून झाला की कापसाची गाडी घेऊन वणीकडे निघणार आहे. पत्र त्याच्या हाती देतो, मुकुटबनला आपल्या घरी तो टाकील.

मूळ कारण टीव्ही. गेल्या रविवारी दुपारी एक गुन्ह्याचा चित्रपट लागला होता. मोठ्या शहरातलं मोठं घर, आठेक वर्षांची मुलगी, तिला नवा भाऊ होतो. आई तिच्याकडे बघेनाशी होते. मुलगी काही बोलत नाही. एक दिवस ती भावाची बाबागाडी जिन्याच्या तोंडाशी नेते आणि हात सोडते. त्याला मारावं असं तिच्या मनात नसतं, त्याने आईच्या मांडीवरून थोडा वेळ हटावं एवढंच असतं. ते इतरांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शेवटी इन्स्पेक्टर तिच्यासमोर गुडघ्यावर बसतो, आणि ती त्यालाच विचारते, आता आई माझी वेणी घालील का. चित्रपट बरा होता. मी चष्मा पुसला. आपल्या भगिनींनी डोळे पुसले, टीव्ही बंद केला, आणि उंबऱ्यावर बसून शेंगा खाणाऱ्या राखीकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

“आपल्या घराले जिना नाही,” मी म्हटलं. (बोलणं आपल्या बोलीत झालं. पत्र मराठीत आहे म्हणून इकडच्या मराठीत देतो.)

“जिना नाही, पण विहीर तर हाय.”

“बाबागाडीबी नाही.”

“टोपलं हाय.”

 पुढे घरात तपास सुरू झाला. चित्रपटातला इन्स्पेक्टर म्हणतो, जो गप्प आहे त्याच्यावर लक्ष ठेवा. राखी गप्प होती, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवलं. मग राखीने विचारलं, याले दात कधी येतात, तर तिला ते काहून पाह्यजे, यावर दुपार गेली. बाळाच्या ओठांवर काजळाच्या मिशा सापडल्या. (राखीने काढल्या होत्या आणि लगेच कबूलही केलं. लखनच्या मिशांपेक्षा दाट होत्या.) विळी, सुऱ्या, कात्री, कोयता, लखनचा वस्तरा, सगळं माळ्यावर गेलं, आणि शिडी शेजारच्या तानाबाईकडे. तेव्हापासून कांदा बुक्कीने फुटतो आणि वांगी अख्खी शिजतात. काल लखनला दाढी करायची होती, तर त्याला तानाबाईकडे शिडी मागायला जावं लागलं आणि तिने कारण विचारलं. पाळण्याजवळ पाळ्या लावल्या. सकाळी उज्ज्वला, दुपारी मी, बाकीचा सगळा वेळ आपल्या भगिनी. दोरी अंगठ्याला बांधायची कल्पना त्यांची. मला झोप लागते असा त्यांचा समज आहे.

आणि शेवटचा उपाय म्हणजे आपण. शनिवारी नेमसिंगभाऊ येतील, राखीला मुकुटबनला नेतील, बाळ चालायला लागेपर्यंत शाळाही तिथेच, असं ठरलं. लखनने मान डोलावली. उज्ज्वलाने पिशवी भरताना एकाच फ्रॉकची पुन्हा पुन्हा घडी घातली. राखीने विचारलं, “मुकुटबनले बाळ येते का?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मंग मी कायले जाऊ?” यावर आपल्या भगिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आयकलं? सोबत न्याचा म्हणते.” भाऊ, ज्याला पकडायचंच आहे त्याचं प्रत्येक वाक्य जबानी असतं.

राखीला हेवा नाही असं मी लिहिणार नाही. आहे. पण तो आईच्या मांडीचा नाही, धुंडीचा आहे. तुमच्याकडे कशी करतात मला ठाऊक नाही. आमच्या तांड्यावर वर्षात जन्मलेल्या मुलाची धुंड होळीत होते. बाळाला मांडीवर घेऊन कोणी सतरंजीवर बसायचं, दोघांनी वर आडवी काठी धरायची, आणि बाकीच्यांनी तिच्यावर काठ्या आपटत गाऊन आशीर्वाद द्यायचा, वाढ, मोठा हो. उद्या आमच्या बाळाची आहे. राखीने चित्रपटाच्या आधीच विचारलं होतं.

“दादी, माही धुंड कधी झालती?”

“पोरीची नसते वं.”

“काहून?”

“नसते म्हंजे नसते.”

त्यानंतर ती गप्प झाली. ते गप्प बसणं आपल्या भगिनींना चित्रपटात सापडलं.

आज दुपारी माझी पाळी होती. मला झोप लागली. (समज खरा आहे.) जाग आली तेव्हा पाय आपोआप दोरी ओढत होता. दुपट्यात बघितलं तर भोपळा, टोपडं घातलेला. वजन बाळाएवढंच, त्यामुळे कडीच्या आवाजात काही फरक नाही. पोरीने विचार करून काम केलं होतं. मी आधी खिडकीतून विहिरीकडे बघितलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण चित्रपट मीही पाहिला होता. विहिरीवर कोणी नव्हतं. मग गोठ्याकडे बघितलं. तांड्यावरच्या मुली जमल्या होत्या. तानाबाईची दिपाली आणि दुसरी एक मुलगी कापसाच्या पऱ्हाटीची लांब काडी आडवी धरून उभ्या होत्या, बाकीच्या तिच्यावर काड्या आपटत होत्या, आणि खाली पोत्यावर राखी बसली होती, नवं परकर-पोलकं घालून, मांडीवर बाळ घेऊन. एका हाताने तिने त्याचं डोकं धरलं होतं. काडी दोघांच्याही डोक्यावर होती. मुली गात होत्या त्यात नाव राखीचं होतं. बाळ नव्या काढलेल्या मिशांसकट जागं होतं आणि वर बघत होतं.

उठावं असं मला वाटलं नाही. त्यांचं संपेपर्यंत कडी वाजत राहायला हवी, एवढंच काम माझ्याकडे आहे. ते करतो आहे.

आपला,
हरिसिंग

ता. क. विनंती अशी, की आपण आजारी पडावं. शनिवारच्या आत पडावं आणि पाडव्यापर्यंत उठू नये. राखीला न्यायला येणं जमणार नाही असं आपण कळवल्याशिवाय हे टळणार नाही, कारण आपल्या भगिनी माझं ऐकत नाहीत आणि लखन दोघांचंही ऐकतो. आजार कोणता ते आपण निवडावं. सर्दी चालणार नाही, तिला त्या मोजत नाहीत. कंबर बरी. मात्र वहिनींना आधी सांगून ठेवावं, नाहीतर त्या फोनवर खरं बोलतील.

ता. क. दुसरा. वरचं लिहीत होतो तेवढ्यात आपल्या भगिनी गरम पुरी घेऊन आल्या. पुरी माझ्यासाठी होती. त्यांनी दुपटं सारलं, भोपळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.  पुरी भोपळ्याजवळ ठेवली, कोपऱ्यातली काठी उचलली आणि बाहेर गेल्या. मीही उठलो, पण पाळणा सोबत यायला लागला. गाठ सुटेपर्यंत एका पायावर उभा राहून खिडकीतून बघितलं, ते लिहितो. गोठ्याच्या दारात त्यांना बघून काड्या थांबल्या. राखी उठली नाही. म्हणाली, “दादी, थांब. माही झाली. याची राह्यली.”  आपल्या भगिनींनी दिपालीच्या हातातली काडी घेतली आणि म्हणाल्या, “अशी नाही धरत.” ती टाकून आपली काठी मधोमध आडवी धरायला दिली, आणि बाळाची सगळी धुंड स्वतः म्हटली. ती झाल्यावर बाळ उचललं, मिशा पदराने पुसल्या, त्याला राखीकडे दिलं, आणि गुडघे धरत धरत पोत्यावर बसल्या. “आता माही करा,” म्हणाल्या.

मुलींना हसू येत होतं. त्यांनी केली. नंदाबाई मोठी हो, असंही गायलं.

ता. क. तिसरा. प्रकृतीविषयीची विनंती रद्द समजावी. आपण आधीच पडला असाल तर उठायला हरकत नाही. शनिवारी जेवायला या. रिकाम्या हाताने परत जायचं आहे. राखीची पिशवी आपल्या भगिनींनीच रिकामी केली.

सकाळी. धुंड झाली. बाळाला मांडीवर घेऊन राखी बसली. लखन काहीतरी म्हणाला, पण आपल्या भगिनी त्याच्यानंतर बोलल्या, आणि त्याने मान डोलावली. शिडी परत आणली, विळी माळ्यावरून खाली काढली आणि भोपळा चिरला.