यो-यो झोपायला काय लागतं

प्रिय राजनंदिनी,

सोबत पुठ्ठ्याचं एक खोकं आहे. त्यात दोन पुड्या आहेत, १ आणि २ असे आकडे घातलेल्या. आधी फक्त पहिली उघड. हसशील, पण दिवसभर कंपनीत मायक्रोमीटर तपासून अशी सवय लागली आहे की आकडा घातल्याशिवाय माझ्या हातून काही बाहेर जात नाही. पहिल्या पुडीत नवा यो-यो आहे. चोवीस वर्षांच्या लेकीला हे कशाला, असं गीताकाकू म्हणतील. त्यांना सांग, जिनतला चाकणचं पाणी बाधलं.

अम्मीला काकू दिंद्रुडच्या बाजारात भेटल्या होत्या. बीडला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला तुझा नंबर लागलाय आणि तू जात नाहीस, हे मला अम्मीकडून कळलं. रक्त काढायचं काम तुला जमणार नाही असं तू घरात सांगितलंस. मग मागच्या रविवारी आपण फोनवर बोललो. प्रवेशाची मुदत वीस तारखेपर्यंत आहे, मी कॉलेजला फोन करून विचारलं. पत्र तुला बाराला मिळावं. म्हणजे आठ दिवस. त्याबद्दल शेवटी लिहिते, आधी यो-यो.

तो जमिनीवर टेकव आणि दोरा सरळ वर धर. बेंबीच्या वर चार बोटं सोडून काप. मी मुद्दाम लांब ठेवलाय, तुझी आत्ताची उंची मला नक्की माहीत नाही. कापलेल्या टोकाला लहानसं कडं बांध, पण ते बोटात घालू नकोस. त्या कड्यातून दोराच ओढून घे, म्हणजे सरकता फास होतो. तो मधल्या बोटावर, बुडाशी नको, एक पेर पुढे. आता दोरा गुंडाळ. पहिले दोन-तीन वेढे घसरतील. अंगठ्याने दाबून धरलं की चढतात. घसरणं बरोबर आहे, ही तुझी चूक नाही. एवढं लक्षात ठेव, पुढे लागेल.

तळहात वर कर, यो-यो त्यात ठेव. दोरा बोटाकडून निघून यो-योच्या वरून पलीकडे उतरलेला हवा. पोरं दंड दाखवतात तसा हात कोपरात वाकव, खाली आण आणि शेवटी मनगट सोड. खांद्यातून जोर लावायचा नाही. यो-यो टोकाला पोचताना हात जरासा सैल ठेवलास तर तो वर न येता जागच्या जागी फिरत राहतो. ते झोपणं. मग तळहात खाली करून हलका हिसका दिलास की हातात परत येतो. फिरताना एका बाजूला कलला तर मनगट वाकडं सुटलं असं समज. दोऱ्याला पीळ जास्त पडला तर यो-यो नुसता लोंबकळू दे, पीळ आपोआप उतरतो. दुसरी कुठली करामत आत्ता करू नकोस. सरळ खाली, पाच आकडे मोजेपर्यंत झोप, परत हातात. एवढं आलं की बाकीचं येतं.

आठवीत हे तुला एकही शब्द न सांगता आलं होतं. मधल्या सुट्टीत तू माझा यो-यो मागून घेतलास आणि तिसऱ्या फेकीला तो झोपला. तू म्हणालीस, “झोपला बग, लेकरावानी.” मला त्यासाठी अकरा दिवस लागले होते. मी म्हणाले, चुकून झाला. त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं होतं की स्नेहसंमेलनात यो-यो कुणीतरी एकच दाखवेल. वर्गाने माझ्याकडे पाहिलं होतं. पाशा मेकॅनिकच्या पोरीकडे त्याआधी वर्गाने कशासाठी पाहिलं होतं, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तू हिरवा यो-यो विकत आणलास. त्याचा दोरा हलका होता, म्हणून तो माझ्याकडे दिलास. आब्बांच्या दुकानात विहिरीवरच्या मोटारींच्या कॉइल बांधायचा सुती दोरा असतो, तो मी घातला. त्यानंतर महिनाभर तू फेकत राहिलीस. यो-यो खाली जायचा आणि लगेच वर यायचा, एकदाही झोपला नाही. वर्गातला राधाकिशन म्हणायचा, “नंदे, त्याला अंगाई म्हन.” तूही हसायचीस. एकदा दुकानात आब्बांनी तो हातात घेतला, मधल्या दांडीकडे बघितलं आणि विचारलं, ही गाठ कुणी मारली. मी म्हणाले, यो-योला अशीच असते. तेवढ्यात एक जण जळालेली मोटार घेऊन आला. तू गेल्यावर आब्बा एवढंच म्हणाले, “ती गाठ खोल, बेटा.” मी हो म्हणाले.

संमेलनानंतर तू तो यो-यो मला देऊन टाकलास.

आता हे पत्र का लिहिलं ते. दोरा दांडीला बांधायचा नसतो. दांडीभोवती त्याचा नुसता सैल वेढा असतो, दांडी त्यात फिरते, म्हणून यो-यो झोपतो. तुझ्या यो-योला मी कॉइलला मारतात तशी दुहेरी गाठ मारली होती, जाणूनबुजून. तो जगात कुणाच्याच हातात झोपला नसता. तुझा दोरा गुंडाळताना कधी घसरला नाही, आठव. आणि “तुझा हातच जड हाय” हे वाक्य पहिल्यांदा मी बोलले होते. मागच्या रविवारी तेच तू मला ऐकवलंस: “माजा हात जड हाय, जिनत, मला कुनाची शीर घावायची न्हाई. तुला तर ठावं हाय, यो-यो सुदिक झोपला न्हाई.” मी म्हणाले, रेंज नाही, आणि फोन ठेवला. रेंज होती. आता दुसरी पुडी उघड. तुझा हिरवा यो-यो आहे, गाठ तशीच आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, तसं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. तू डोळ्यांनी बघ. गाठ अकरा वर्षांत आवळून दगड झाली आहे, बोटांनी निघणार नाही. म्हणून सोबत बारीक सुई ठेवली आहे. दोरा न तोडता गाठ सोडव, मग हात जड आहे की हलका ते तुझं तुलाच कळेल. माझ्याशी बोलायचं की नाही हे वीस तारखेनंतर ठरव. आधी बीडला जाऊन ये.

तुझीच, तू म्हणशील तर,
जिनत