टेकडीवरचे गावकरी

४ ऑक्टोबर

नकाशा आला. जनगणनेनंतर वॉशिंग्टनला खासदार पाठवायचे मतदारसंघ नव्याने आखताहेत, आणि नवी रेघ आमच्या टॅमरॅकच्या मेन स्ट्रीटमधून जाते. बेकरी पाचव्यात, समोरचं चर्च सहाव्यात. पाव एका खासदाराचा, प्रार्थना दुसऱ्याची! साप्ताहिकातल्या माझ्या सदराला आयता मजकूर. गाव मात्र हसायला तयार नाही.

६ ऑक्टोबर

नगराध्यक्ष नूटसन घरी आले. टोपी काढली नाही, कॉफी दोनदा घेतली. इतकी वर्षं मी त्यांची टिंगल छापतेय, आणि आता नकाशा आखणाऱ्या आयोगाच्या सुनावणीत गावाच्या वतीने मीच बोलायचं म्हणे. "मार्लिस, तुझी जीभ आजवर आम्ही सोसली. आता जरा आयोगालाही सोसू दे."

मागणी सोपी – गाव अखंड ठेवा. नऊ हजार माणसं, एक गाव. हो म्हटलं. स्तुतीला मी इतकी स्वस्त असेन असं वाटलं नव्हतं.

८ ऑक्टोबर

नऊ हजार! त्यातले चार हजार टेकडीवरच्या तुरुंगात. कैदी जिथे झोपतो तिथला रहिवासी, असा जनगणनेचा हिशेब. त्यांना मत नाही. उन्हाळ्यात सुटलेल्या एकाने बेकरीत काम मागितलं, तेव्हा नूटसनच म्हणाले होते, वरची माणसं खाली नकोत. नकाशापुरती मात्र लेकरं आपली.

१० ऑक्टोबर

धाकटी बहीण रुथॅन आली होती. तिचा मुलगा ट्रेव्हर त्याच टेकडीवर कैदेत आहे. महिन्यातून एकदा शहरातून गाडी हाकत येते, त्याला भेटते, माझ्याकडे मुक्काम करते.

नकाशा तिनेही पाहिलाय. तिच्या मोहल्ल्यातली पोरं राज्यभरच्या अशा टेकड्यांवर मोजली गेली, म्हणून तिथे डोकी कमी पडली आणि मोहल्लाच वाटून टाकताहेत. त्यांच्या दवाखान्यासाठी भांडणारी एक खासदारीण होती, तीही हातची जाणार. कैदी त्यांच्या घरच्या पत्त्यावर मोजावेत का, याचा आयोग विचार करतोय. आमच्यासारख्या गावातून कोणीतरी तसं म्हणायला हवं, एवढंच.

ती भांडी घासत होती, पाठ माझ्याकडे. "तू फक्त सांग की हे कैदी आमच्या गावचे नाहीत. तुमच्या गावात रोज तेच तर म्हणतात."

बघू, म्हणाले. तिने एकच ताट पुन्हा विसळलं.

१३ ऑक्टोबर

भाषण लिहिलं. फाडलं. उलट बाजूचं लिहिलं. दोन्ही उत्तम उतरली, हीच तर पंचाईत. झोप नाही, भूक नाही. मांजरसुद्धा माझ्याकडे बघून उठून गेलं.

१५ ऑक्टोबर

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली. आधी शुक्रवारचे तळलेले मासे. माझ्या ताटाचे पैसे कोणी मला भरू देईना.

माझी बोलायची पाळी आली. म्हणाले: एक चर्च, एक शाळा, शुक्रवारी एका छपराखाली मासे खाणारं गाव – कापू नका. नऊ हजार माणसं, एक गाव.

आयोगातल्या एका म्हाताऱ्या बाईने शांतपणे विचारलं, "हे नऊ हजार सगळे मासे खायला येतात?"

खरं उत्तर जिभेवर होतं. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"हॉल लहान आहे," मी म्हणाले, "पाळीपाळीने येतात."

हशा. टाळ्या. नूटसननी पाठ थोपटली. बाईंनी मान खाली घातली.

रुथॅन शहरात तिच्या घरी बसून सुनावणी संगणकावर बघत होती. तिचा निरोप आला: "ऐकलं."

२ नोव्हेंबर

अंतिम नकाशा. टॅमरॅक अखंड, कैद्यांसकट. रुथॅनच्या मोहल्ल्याचे दोन तुकडे. बेकरीवाल्याने केक पाठवला. रुथॅन फोन उचलत नाही.

१९ नोव्हेंबर

ट्रेव्हरला भेटायला टेकडीवर गेले. फाटकावर कळलं – त्याला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला हलवलंय. गावाच्या आकड्यात तो पुढच्या जनगणनेपर्यंत राहील. रुथॅनला आता इकडे यायचं काही कारण उरलं नाही.