आमचं आळशी झाड

मंगळवार, २१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, सर्दी सोडली तर. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर माझं तोंड सुटेल, म्हणून पत्र. ठकी टेबलाखाली बसून माझ्या पायांना लोकर गुंडाळते आहे, तेव्हा अक्षर हललं तर समजून घे.

आधी तुझ्या भाचीची तक्रार ऐक. साडेचार वर्षांच्या माणसाने किती छळावं याला काही सुमार? सकाळी मोजे घालायला वीस मिनिटं. एक मोजा टोचतो, दुसरा म्हणे रुसलाय. हवा गार झाली, तर स्वेटर फक्त तू विणलेला निळाच हवा. त्याच्या बाह्या आता मनगटाच्या चार बोटं वर आल्यात. नवा आणला तर म्हणाली, "यात मी मावशीला ओळखू येणार नाही." काल शाळेच्या बाईंनी मला थांबवून हळूच विचारलं, "तिच्या मापाचा स्वेटर नाही का घरी?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर मी लोकांच्या दातांच्या कवळ्या घडवते, तिथे केसाइतका फरक चालत नाही, आणि घरी एक मोजा धड बसवता येईल तर शपथ.

आमच्या ह्यांचं तर विचारूच नकोस. बसच्या फेऱ्या मारून येतात, सोफ्यावर आडवे होतात आणि तिने काहीही विचारलं की एकच उत्तर, "आईला विचार." जशी काही मी चौकशीची खिडकीच.

आणि परवापर्यंत ती विचारायची तरी काय? डोळे उघडले की एकच. "पानं पडली?"

तूच सांगून गेलीस ना. जूनमध्ये बॅग उचललीस, माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, पण फाटकाशी वाकून तिला म्हणालीस, "दारातल्या झाडाची पानं पडली की मी येते हं. मग मोठा ढीग करू आणि दोघी उड्या मारू." तू बोलून मोकळी झालीस, निस्तरायला मी आहेच.

आता एक सांगते, हसू नकोस. इथल्या पहाडी थंडीत पानं सप्टेंबर संपता संपताच पडायला लागली होती. मी झाडत होते. रोज साडेपाचला, ही बया उठायच्या आत, खराटा घेऊन अंगण लख्ख करायचे आणि पानं पोत्यात भरून मागच्या अडगळीच्या खोलीत ढकलायचे. पुढे कामावरून आल्यावर, तिला शाळेतून आणायच्या आधी, आणखी एकदा. शाळेच्या नेहमीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं, म्हणून आम्ही बाजाराच्या मागून वळसा घालून जायचो. शेजारचे आजोबा तर माझ्यावर इतके खूश झालेत की सुनेला माझं उदाहरण देतात. ती सून आता माझ्याशी बोलत नाही.

पण गावभरची पानं मी कुठे लपवणार? तिने विचारलंच, "सगळ्यांची पडली, आपलीच का नाही?" मी सुचेल ते ठोकून दिलं, "आपलं झाड आळशी आहे." तेव्हापासून रोज संध्याकाळी ती कमरेवर हात ठेवून झाडाला झापायची. "पाड की रे लवकर! मावशी तिकडे थांबलीय." हे म्हणाले, "झाड तोडूनच टाक, म्हणजे मिटलं." झाडाला निम्मं टक्कल पडलंय, पण नशीब माझं, ती जमिनीकडेच बघायची.

का केलं हे सगळं? पानं पडली आणि तू आली नाहीस, तर तिला काय सांगायचं? तू येणार नाहीस याची मला खात्री होती. का, ते तुलाही माहीत आहे. त्याकडे येतेच. जरा थांब, दूध उतू चाललंय.

आले. अर्धं गेलं.

तर परवा, रविवारी, ह्यांनी तिला चेंडू आणायला अडगळीच्या खोलीत पाठवलं. मी भांडी घासत होते. मागून काहीतरी फरफटत आल्याचा आवाज. वळून बघते तर ठकी, केसांत कोळिष्टकं, हातात पोत्याचं तोंड.

"आई, ही आपली पानं आहेत."

"कशावरून?"

"मला माहितेय. तू लपवलीस?"

आता भोकाड पसरेल म्हणून मी तयारीत राहिले. तिने पसरलं नाही. नुसतं विचारलं, "मावशी येऊ नये म्हणून?"

ताई, हातातला पेला बेसिनमध्ये पडला. नळ बंद करून सांगितलं, "मी मावशीला वाईट बोलले, म्हणून ती रागावलीय." तर म्हणते, "मग सॉरी म्हण ना. बाई सांगतात, काय केलं ते पण सांगायचं. नुसतं सॉरी चालत नाही."

म्हणून सांगते. मला पुन्हा कामावर जाता यावं म्हणून तू स्वतःची सुट्टी खर्चून दोन महिने इथे राहिलीस. त्या दिवशी ठकी गुडघा फोडून रडत आली. मी हात पसरले होते. ती माझ्या शेजारून पळत गेली आणि तुझ्या कमरेला बिलगली. आणि मी म्हणाले, "स्वतःचं नाही म्हणून माझं पळवू नकोस." शब्दाला शब्द लिहिलाय, कारण चार महिने मी ते बोललेच नाही असं वागते आहे. डॉक्टरांच्या दारात तुझ्या शेजारी किती वेळा बसले होते मी. मला ठाऊक होतं कुठे लागेल, आणि तिथेच मारलं. मला हेवा वाटला, ताई. तुझी काहीही चूक नव्हती. मला माफ कर.

रविवारी आम्ही नऊच्या नऊ पोती झाडाखाली ओतली. ठकीच्या छातीपर्यंत ढीग झालाय. उडी मात्र ती स्वतः मारत नाही, कोणाला मारूही देत नाही. पहिली मावशीची, म्हणते. ह्यांनी त्याच संध्याकाळी न सांगता उठून ढिगावर जुनी चादर टाकली आणि कडेने विटा ठेवल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. सकाळी शाळेत जाताना ती चादर उचलून बघते, मग पुन्हा नीट झाकते. त्यात आणखी दहा मिनिटं जातात. आज बाईंची पुन्हा बोलणी खाल्ली.

खराटा मी खोलीत ठेवून कुलूप लावलंय.

पानं पडली आहेत, ताई.

तुझी,
धाकटी