तीन हातांचे मौन

शनि., ८ नोव्हें.
वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचा विषय ठरला : प्रेम आणि समुद्र. शेवटच्या रचनेत वादळ शमते, तेव्हा क्लॅरिनेट एकटे वाजते. ते माझ्याकडे! त्याआधी छत्तीस आवर्तने गप्प बसायचे. समुद्र मी अद्याप पाहिलेला नाही. इंदुरात वाढल्यावर कोठून पाहणार?

मंगळ., ११
आबांना स्वरलिपी दाखवली. महूला सैन्याच्या बँडमध्ये बावीस वर्षे क्लॅ. वाजवणारे आजोबा हेच माझे गुरू. म्हणाले, "छत्तीस म्हणजे तीन हात." चार बोटांची बारा पेरे, त्यांवरून अंगठा फिरवायचा. "गिनती बोटाला दे पोरी, म्हणजे डोकं मोकळं."

शुक्र., १४
तालमीत फजिती. तिसऱ्या हाताचे दहावे पेर. शेजारच्या नेहाने बासरी उचलली. वाटले, मोजण्यात मीच चुकले, म्हणून फुंकले. दोन आवर्तने आधी, एकटीच.
"अगं, मी तर पुसत होते यार!"
वाद्यवृंद चालवणाऱ्या सरांनी काठी आपटली. "बेटा, गिनती आती है कि नहीं?"
गणितात शाळेतून पहिली आलेली मी. मान वर करवेना.

शनि., १५
आबा आधी खूप हसले. मग, "तुझा हात बरोबर होता. तूच त्याच्यावर भरोसा नाही केला."

रवि., २३
कार्यक्रम झाला.
वादळाच्या भरात सरांकडून दोन पाने एकदम उलटली गेली. वाजवण्याची खूण करत त्यांचा हात माझ्याकडे आला, तेव्हा माझा अंगठा तिसऱ्या हाताच्या दहाव्याच पेरावर. सगळे माझ्याकडे पाहू लागले. नेहा कुजबुजली, "वाजव ना!"
मी वाजवले नाही.
अकरा. सरांचे डोळे विस्फारलेले. बारा.
मग फुंकले. व्हायोलिने नेमकी माझ्या सुराखाली येऊन थांबली, जणू वाटच पाहत होती. सरांनी पान मागे घेतले, आणि चक्क हसले.
दाराशी आबा सरांना ताठ उभे राहून "जय भीम" म्हणाले. मग माझ्याकडे वळले. फक्त हात पुढे केला. अंगठा शेवटच्या पेरावर टेकलेला.

सोम., २४
सरांचा फोन. "अगली बार से पहली कुर्सी तुम्हारी." म्हणजे माझ्याकडे पाहून इतरांनी वाद्य उचलायचे. आजवर मी फक्त स्वतःपुरते मोजले.
"सोचकर बताती हूँ, सर."
गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. सकाळपासून माझा अंगठा पहिल्याच पेरावर आहे.