वॉनमधलं राजवाड्याचं छत

प्रिय ऊर्मी,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. मराठी वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे.

तू दहा वर्षांची असताना बेजिंगचा राजवाडा बघायला गेलो होतो. छताखालच्या लाकडी ठोकळ्यांकडे तू मान दुखेपर्यंत बघत राहिलीस. खिळा नाही, नुसते एकमेकांत अडकवलेले लाकडी हात, आणि त्यांच्यावर कौलांचं केवढं ओझं! भूकंपात ते सांधे थोडे सरकतात, पण छत सोडत नाहीत, असं गाइडने सांगितलं. "बाबा, आय वॉन्ट टु मेक दिस," तू म्हणालीस. शेजारच्या वॉन शहरातला बँक्वेट हॉल तू तसाच बांधतेयस हे कळल्यावर मी आपल्या स्कारबरोभर सांगत सुटलो होतो.

मागच्या मंगळवारी तुला न विचारता तिथे गेलो. तुझे म्हातारे सुतार, मिस्टर लिन, शिडीवर होते. मला वर बोलावून त्यांनी माझं बोट धरलं आणि एका सांध्यात घातलं. पेरभर आत गेलं. लाकूड ओलं वापरलंय, ऊर्मी. हीटिंग सुरू झाल्यापासून ते आकसतंय, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर. आम्ही बोलत असतानाच पलीकडे कुठेतरी कट् असा आवाज झाला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आय टोल्ड हर. शी सेड, ओपनिंग फर्स्ट."

मी चाळीस वर्षं पूल तपासले. असा आवाज एकदाच, एका पुलावर ऐकला होता, आणि त्यानंतर तो पूल आठवडाभर टिकला नाही. तुला चार फोन केले. उत्तरादाखल एक मेसेज आला: "बाबा, स्टे आउट ऑफ इट." शनिवारी तिथे पहिलं लग्न आहे, चारशे माणसं. शुक्रवारपासून तीस सेंटिमीटर बर्फ सांगितलाय. तुझ्या आईला अजून काही बोललो नाही. ती त्या दिवशी नेसायची साडी इस्त्रीला काढून बसलीय.

आज सकाळी मी सिटीच्या बिल्डिंग खात्यात लेखी तक्रार दिली. ड्रॉइंगवर आर्किटेक्ट म्हणून तुझी सही आहे, तुझं लायसन्स जाऊ शकतं, हे ठाऊक असून दिली. उद्या इन्स्पेक्टर येतील. तक्रार कुणी केली हे तुला त्यांच्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र स्वतः तुझ्या दारात टाकून जातोय. बेल वाजवायचं धाडस नाही.

तुझाच,
बाबा